मायटोकॉन्ड्रिया आणि पेशीतली ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जीवशास्त्र शिकवताना माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही दहावी-बारावीच्या मुलांचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे, तर काही सकाळी वेताळ टेकडीवर भेटणाऱ्या मंडळींचे. सगळं क्रमाने वाचायलाच हवं असं नाही, पण पाचवा प्रश्न मात्र सोडू नका. पुढच्या बऱ्याच उत्तरांना त्याचा आधार आहे.

१. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय आणि ते असतात कुठे?

मराठी पाठ्यपुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हटलं आहे, तेच हे. पेशीच्या आत, केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवात ते असतात. जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात हजारभर तरी शेजारी शेजारी मावतील. प्रत्येकाला दोन पटलं असतात. बाहेरचं गुळगुळीत, आतलं घड्या घड्यांचं. आतल्या पटलाला घड्या असल्यामुळे छोट्याशा जागेत त्याचं क्षेत्रफळ खूप वाढतं, आणि ऊर्जेचं खरं काम त्या पटलावरच चालतं.

पुस्तकातल्या आकृतीत ते सुटे सुटे आणि लंबगोल काढलेले असतात. जिवंत पेशीत चित्र वेगळं दिसतं. तिथे ते एकमेकांना जोडले जातात, त्यांचं लांबलचक जाळं होतं, मग ते पुन्हा तुटतात, आणि हे सतत चालू असतं.

संख्या पेशीच्या कामावर ठरते. यकृताच्या एका पेशीत ते हजार ते दोन हजार असतात. हृदयाच्या स्नायुपेशीचा तर जवळपास एक तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. आणि आपल्या तांबड्या रक्तपेशीत एकही नसतो! शरीरभर ऑक्सिजन पोहोचवणारी ही पेशी स्वतः मात्र तो ऊर्जेसाठी वापरत नाही.

२. मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा 'निर्माण' करतात, हे वाक्य बरोबर आहे का?

परीक्षेत चालतं, पण मनात तसं ठेवू नका. ऊर्जा निर्माण करता येत नाही, तिचं फक्त रूप बदलता येतं. अन्नाच्या रेणूंमध्ये रासायनिक ऊर्जा असते. मायटोकॉन्ड्रिया ती काढून घेऊन एटीपी नावाच्या रेणूत आणतात आणि पेशी ते एटीपी वापरते. स्नायू आकुंचन पावणं, चेतापेशीतून संदेश जाणं, नवी प्रथिनं बनणं, अशा बहुतेक कामांना एटीपी लागतं.

हा रेणू १९२९ मध्ये स्नायूंच्या ऊतीत सापडला. जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्याकडच्या मुलांना त्यांचं नाव क्वचितच माहीत असतं, म्हणून मी ते वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहून ठेवतो.

३. सकाळी खाल्लेल्या पोह्यांचं पुढे काय होतं?

पोह्यांतल्या स्टार्चचं पचन होऊन ग्लुकोज तयार होतं, ते रक्तातून पेशीत येतं. पहिली पायरी ग्लायकोलिसिस, आणि ती मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर, पेशीद्रवात होते. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन कार्बनचे दोन पायरुवेट रेणू होतात आणि हातात निव्वळ दोन एटीपी पडतात. इथे ऑक्सिजन लागत नाही.

पायरुवेट मायटोकॉन्ड्रियाच्या आत शिरतं. तिथे त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो आणि उरलेल्या दोन कार्बनचं ॲसिटिल को-ए बनतं. ते क्रेब्ज चक्र नावाच्या अभिक्रियांच्या फेऱ्यात जातं आणि तेही दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून निघून जातात. पोह्यांवरच्या शेंगदाण्यांतली आणि फोडणीच्या तेलातली मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियातच दोन-दोन कार्बनने तुटतात आणि त्यांचंही ॲसिटिल को-ए होतं. प्रथिनांतली अमिनो आम्लंही गरजेप्रमाणे याच वाटेला लागतात. आपण काय खाल्लं हा फरक इथपर्यंत आल्यावर जवळजवळ मिटलेला असतो.

चक्र फिरताना थेट मिळणारं एटीपी फार थोडं असतं, एका ग्लुकोजमागे जेमतेम दोन रेणूंइतकं. खरी कमाई वेगळी आहे. प्रत्येक पायरीवर अन्नातून इलेक्ट्रॉन काढले जातात आणि एनएडी व एफएडी या वाहक रेणूंवर चढवले जातात. हे वाहक बनायला ब-३ आणि ब-२ ही जीवनसत्त्वं लागतात. 'ब जीवनसत्त्वाने ताकद येते' असं घरोघरी म्हणतात, त्यामागचं खरं कारण हे. ताकद त्या गोळीत नसते, अन्नात असते. जीवनसत्त्व ती काढून घ्यायला मदत करतं.

हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये हे चक्र मांडलं. प्रयोगासाठी त्यांनी कबुतराच्या छातीचा स्नायू वापरला होता, कारण सतत उडणाऱ्या त्या स्नायूत ऑक्सिजनचा वापर प्रचंड असतो. त्यांचं टिपण 'नेचर' नियतकालिकाने तेव्हा छापायला घेतलं नाही. १९५३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

४. मग ऑक्सिजन नेमका कुठे लागतो?

अगदी शेवटी. वाहकांवरचे इलेक्ट्रॉन आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे पुढे सरकतात. पाठ्यपुस्तकात याला इलेक्ट्रॉन वहन साखळी म्हणतात. शेवटच्या प्रथिनाशी ऑक्सिजन हे इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनच्या आयनांशी जोडला जातो आणि त्याचं पाणी होतं. तो मिळाला नाही तर साखळीतले इलेक्ट्रॉन पुढे जाणार कुठे? साखळी तुंबते, वाहक रिकामे होत नाहीत, मग क्रेब्ज चक्रही थांबतं. मेंदूला काही मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही तर कायमची इजा होते, तिची सुरुवात या तुंबण्यातून होते.

यात बहुतेकांचा एक गैरसमज असतो. आपण घेतलेला ऑक्सिजनच कार्बनला चिकटून कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर येतो, असं वाटतं. तसं होत नाही. श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नाच्या रेणूंतून आणि पाण्यातून आलेला असतो.

५. एटीपी प्रत्यक्षात बनतं कसं?

या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना ऊर्जा थोडी थोडी मोकळी होते. साखळीतली तीन मोठी प्रथिन-संकुलं ती ऊर्जा वापरून आतले प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, पटलाच्या पलीकडे ढकलतात. एका एनएडीएचकडून, म्हणजे इलेक्ट्रॉन चढलेल्या एनएडीकडून, आलेल्या दोन इलेक्ट्रॉनांमागे दहा प्रोटॉन बाहेर जातात. हळूहळू पटलाच्या एका बाजूला प्रोटॉनची गर्दी होते आणि दुसऱ्या बाजूला टंचाई. त्यांना परत आत यायचं असतं, पण पटल त्यांना सहजी येऊ देत नाही.

मुळशी धरणाचं पाणी आठवा. ते सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि टर्बाइन फिरवतं. वीज मिळते ती पाणी साठलं एवढ्यावर नाही, वर आणि खाली यांतल्या फरकामुळे. पेशीतही ऊर्जा तशीच फरकात साठलेली असते. प्रोटॉनना परत यायला एकच सोयीची वाट ठेवलेली आहे, ती एटीपी सिंथेस या प्रथिनातून. त्यातून प्रोटॉन उतरतात तेव्हा ते प्रथिन खरोखर गोल फिरतं. सस्तन प्राण्यांत आठ प्रोटॉन उतरले की एक फेरा पूर्ण होतो आणि तीन एटीपी बनतात. एका सेकंदात असे शंभराच्या आसपास फेरे होऊ शकतात.

पटलाच्या दोन बाजूंत साधारण दीडशे ते एकशे ऐंशी मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो. पण पटलाची जाडी सहा नॅनोमीटरच्या आसपास आहे हे लक्षात घेतलं, तर विद्युतक्षेत्र प्रति मीटर तीन कोटी व्होल्टच्या घरात जातं. कोरड्या हवेत ठिणगी पडायला जेवढं क्षेत्र लागतं, त्याच्या हे साधारण दहापट झालं. आणि हे आत्ता, वाचता वाचता, तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत चालू आहे.

ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा बहुतेक जीवरसायनतज्ज्ञांना ती पटली नाही. ते सगळे इलेक्ट्रॉनकडून एटीपीकडे ऊर्जा नेणारा एखादा मधला रासायनिक रेणू शोधत होते. मिचेल म्हणत होते की असा रेणू नाहीच, पटलापलीकडचा फरक हाच तो दुवा. मोठं विद्यापीठ सोडून त्यांनी कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या घरात स्वतःची छोटी प्रयोगशाळा उभारली आणि जेनिफर मॉयल यांच्यासोबत काम चालू ठेवलं.

१९७४ मध्ये एफ्राइम रॅकर आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी एक देखणा प्रयोग केला. त्यांनी मेदाच्या कृत्रिम पुटिका तयार केल्या. त्यात प्रकाश पडला की प्रोटॉन ढकलणारं एका सूक्ष्मजीवाचं प्रथिन घातलं, आणि सोबत बैलाच्या हृदयातलं एटीपी सिंथेस घातलं. या दोन प्रथिनांचा निसर्गात एकमेकांशी काही संबंध नाही. तरी प्रकाश पडताच एटीपी बनू लागलं. दोघांना जोडणारी गोष्ट फक्त एकच होती: प्रोटॉनचा फरक. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेल यांना मिळालं.

प्रथिन फिरतं हा अंदाज अमेरिकेच्या पॉल बॉयर यांचा. जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये त्याची रचना उलगडली आणि १९९७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याच १९९७ मध्ये जपानमध्ये हिरोयुकी नोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाला चमकणारा एक लांब तंतू चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो गरगर फिरताना पाहिला. मुलांना हे चित्रीकरण दाखवलं की वर्ग एकदम शांत होतो.

६. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी, ३६ की ३०?

पुस्तकागणिक आकडा बदलतो, त्यामुळे मुलं वैतागतात. जुना हिशेब असा होता की एका एनएडीएचमागे तीन आणि एका एफएडीएच२मागे दोन एटीपी. त्यावरून ३८ येतात. ग्लायकोलिसिसमधले इलेक्ट्रॉन आत नेण्याचा खर्च धरला तर ३६. पुढे प्रोटॉन मोजण्यात अचूकता आली तेव्हा लक्षात आलं की प्रत्यक्षात अडीच आणि दीड धरणं जास्त योग्य आहे. म्हणून आज ३० ते ३२ हा आकडा मानला जातो. पटलातून थोडे प्रोटॉन गळतातही, त्यामुळे जिवंत पेशीत तो याहूनही कमी भरू शकतो.

परीक्षेत तुमच्या पाठ्यपुस्तकात दिलेला आकडाच लिहा. स्पर्धा परीक्षेसाठी नवा हिशेबही माहीत असू द्या.

७. दिवसभरात शरीर किती एटीपी वापरतं?

जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं. पण कोणत्याही क्षणी शरीरात असलेलं एटीपी पाव किलोपेक्षाही कमी असतं. हे दोन्ही खरं आहे, कारण एटीपी साठवून ठेवलं जात नाही. ते वापरलं की त्यातला एक फॉस्फेट सुटून एडीपी होतं आणि ते एडीपी मायटोकॉन्ड्रियात जाऊन पुन्हा एटीपी होऊन येतं. एकच रेणू दिवसात शेकडो वेळा हा फेरा करतो.

८. पर्वतीच्या पायऱ्या चढताना धाप का लागते? रोज चढणाऱ्यांना ती कमी का लागते?

पर्वतीच्या १०३ पायऱ्या भराभर चढायला लागलात, तर स्नायूतलं तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपतं. मग क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा दहाएक सेकंद साथ देतो. त्यानंतर ग्लायकोलिसिस जोरात चालू होतं, आणि मायटोकॉन्ड्रियाला पुरेल एवढा ऑक्सिजन पोहोचेपर्यंत पायरुवेटचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) होऊन ते साठू लागतं. हृदय आणि फुप्फुसं वेग घेतात ती ऑक्सिजनचा पुरवठा वाढवण्यासाठी आणि जमा होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी. वर पोहोचल्यावरही काही मिनिटं धाप चालू राहते, कारण रिकामे झालेले साठे पुन्हा भरायचे असतात.

लांब चढाचं गणित वेगळं. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना साधारण सहाशे मीटर उंची गाठायची असं धरू. साठ किलोच्या माणसाला वजन वर नेण्यापुरती सुमारे ८४ किलोकॅलरी ऊर्जा लागते. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भागच कामात आणतात, म्हणून खर्च होतात ३४० किलोकॅलरींच्या आसपास. उरलेली उष्णता होते, म्हणून जानेवारीच्या गारठ्यातही गडावर पोहोचेपर्यंत शर्ट भिजलेला असतो. वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं की हा हिशेब सहज फिटतो, हेही सांगायला हवं.

नियमित चढणाऱ्याच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया वाढलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच चढाला त्याच्या स्नायूंत लॅक्टेट कमी साठतं. त्याबद्दल पुढे चौदाव्या प्रश्नात.

९. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्लामुळे ना?

नाही. लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं. यकृत, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची दुखी सवय नसलेल्या हालचालीने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची असते. चढण्यापेक्षा उतरताना ही इजा जास्त होते.

१०. ऊर्जेशिवाय मायटोकॉन्ड्रिया आणखी काय करतात?

बरंच काही. 'पेशीचं पॉवरहाऊस' हे वर्णन फिलिप सीकेवित्झ यांनी १९५७ मध्ये रूढ केलं आणि ते इतकं पक्कं झालं की बाकीची कामं झाकली गेली. हिमोग्लोबिनमधल्या हीमची पहिली आणि शेवटची पायरी मायटोकॉन्ड्रियात होते. लोह आणि गंधक यांचे जे छोटे गट अनेक प्रथिनांना लागतात, ते इथे जुळवले जातात. युरिया चक्राच्या सुरुवातीच्या पायऱ्या यकृतपेशीच्या मायटोकॉन्ड्रियात होतात. कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन बनायला सुरुवात होते तीही इथेच. पेशीतलं कॅल्शियम वाढलं की ते ओढून घेतात आणि नंतर हळूहळू सोडतात. चेतापेशी आणि हृदयपेशींसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

नवजात बाळाच्या मानेभोवती आणि पाठीवर तपकिरी मेद असतो. त्याच्या मायटोकॉन्ड्रियात एक प्रथिन प्रोटॉनना एटीपी सिंथेस टाळून सरळ आत येऊ देतं. एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होते. बाळाला अजून नीट कुडकुडता येत नाही, पण या मेदामुळे त्याचं अंग उबदार राहायला मदत होते.

आणि पेशी मरण्याचा निर्णयही इथून होतो. पेशीची दुरुस्ती होण्यापलीकडे हानी झाली, तर मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलातून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो. एरवी हेच प्रथिन इलेक्ट्रॉन वाहण्याचं काम करतं. अनेक कर्करोगांत ही यंत्रणा दाबली गेलेली असते, म्हणून तिच्यावर जगभर इतकं संशोधन चालू आहे.

११. त्यांचा स्वतःचा डीएनए का असतो?

कारण ते कधीकाळी स्वतंत्र जीवाणू होते. दीड अब्ज वर्षांहूनही आधी एका पेशीने एका जीवाणूला आत घेतलं आणि दोघं एकत्र राहू लागले. कल्पना त्याआधीची आहे, पण १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी ती पुराव्यांसह ठामपणे मांडली. पुरावे आजही डोळ्यांसमोर आहेत. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जीवाणूंसारखा वर्तुळाकार असतो, त्यांचे रायबोसोम जीवाणूंच्या जवळचे असतात आणि ते विभाजनानेच वाढतात.

माणसात या डीएनएमध्ये १६,५६९ बेस जोड्या आणि ३७ जनुकं आहेत. त्यांतली १३ प्रथिनं बनवतात आणि ती तेराही ऊर्जेच्या यंत्रणेतली आहेत. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी हजाराहून जास्त बाकीची प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनून आत येतात. काळाच्या ओघात मूळ जीवाणूची बहुतेक जनुकं केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली.

१२. हा डीएनए फक्त आईकडून येतो, हे खरं का?

हो. शुक्राणूतले मायटोकॉन्ड्रिया फलनानंतर नष्ट केले जातात. त्यामुळे तुमच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा असा मागे मागे जातो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही तो मिळतो, पुढे मात्र तो मुलगीच देते.

याचा पुण्याशी एक खास संबंध आहे. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातल्या राखीगढी इथे उत्खनन झालं. तिथल्या हडप्पाकालीन दफनातल्या एका स्त्रीच्या डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचा मायटोकॉन्ड्रियल वंशगट यू२बी२ निघाला, आणि तो आजही दक्षिण आशियात आढळतो. उष्ण हवामानात हजारो वर्षं पुरलेल्या हाडात डीएनए फारसा टिकत नाही. पण एका पेशीत केंद्रकाच्या डीएनएच्या दोन प्रती, तर मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या शेकडो-हजारो असतात. त्यामुळे तो हाती लागण्याची शक्यता अधिक असते.

१३. मायटोकॉन्ड्रियाचे आजार म्हणजे काय?

दोष मायटोकॉन्ड्रियल डीएनएमध्ये असू शकतो किंवा केंद्रकातल्या जनुकात. म्हणून सगळेच असे आजार आईकडून येत नाहीत, काही आई आणि वडील दोघांकडून मिळून येतात. ज्या अवयवांना ऊर्जा जास्त लागते, त्यांना आधी त्रास होतो: मेंदू, स्नायू, हृदय, डोळे, कान. लहान बाळांमधला ली सिंड्रोम, तरुणपणी अचानक दृष्टी जाणारा लेबर आजार, पक्षाघातासारखे झटके येणारा मेलास, ही त्यांतली काही नावं. आईच्या पेशीत निरोगी आणि सदोष डीएनए मिसळलेले असतात आणि प्रत्येक अपत्याच्या वाट्याला येणारं प्रमाण वेगळं असतं. म्हणून एकाच घरातल्या दोन भावंडांत एकाला गंभीर आजार आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, असंही होतं. यात आईचा कसलाही दोष नाही. घरात कुणी तसं सुचवत असेल तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

एक गोष्ट मात्र विचारून ठेवा. आईच्या बाजूच्या नात्यात कुणाला स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनसारख्या इंजेक्शननंतर बहिरेपणा आला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मायटोकॉन्ड्रियल डीएनएमधल्या एका ठरावीक बदलामुळे ही औषधं कानाला जास्त घातक ठरतात. तो बदल आईकडून येतो.

निदान मेंदूविकारतज्ज्ञ आणि जनुकीय सल्लागार यांच्याकडेच करून घ्या. दात्या स्त्रीच्या बीजांडातले निरोगी मायटोकॉन्ड्रिया वापरण्याच्या उपचाराला ब्रिटनने २०१५ मध्ये कायद्याने परवानगी दिली. तसं करणारा तो पहिला देश.

१४. व्यायामाने मायटोकॉन्ड्रिया खरंच वाढतात का?

हो, आणि यावर शंका उरलेली नाही. १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे नियमित पळवलं आणि त्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची श्वसनक्षमता साधारण दुप्पट झालेली दिसली. माणसांतही तेच होतं. चालणं, सायकल, पोहणं, टेकडी, काहीही चालेल. अट एकच, ते नियमित हवं. साठीनंतर सुरू केलं तरी फरक पडतो. आणि काही आठवडे सोडून दिलं की कमाई ओसरायला लागते. म्हणून पावसाळ्यात टेकडी निसरडी झाली तर जिन्याच्या पायऱ्या चढा, पण खंड पाडू नका.

१५. 'मायटोकॉन्ड्रिया बूस्टर' गोळ्या घ्याव्यात का?

निरोगी माणसाने यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. को-एन्झाइम क्यू१०, म्हणजे इलेक्ट्रॉन साखळीतला एक वाहक रेणू, शरीर स्वतः बनवतं. ते बनवण्यातच जन्मजात दोष असेल तर मात्र ही गोळी खरोखर गुणकारी ठरते, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. सततचा थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, ब-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. आपल्याकडे शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता आणि स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता फार आढळते. दोन्हींवर साधे, स्वस्त उपाय आहेत.

वजन उतरवण्यासाठी ऑनलाइन विकलं जाणारं डीएनपी नावाचं रसायन मात्र कधीही घेऊ नका, जिममधल्या मित्राने दिलं तरी. ते पटलातून प्रोटॉनना मोकाट आत सोडतं. एटीपी बनणं घटतं आणि शरीर आतून तापत जातं. १९३० च्या दशकात ते औषध म्हणून दिलं गेलं, माणसं दगावली आणि १९३८ मध्ये अमेरिकेने माणसांसाठी त्याचा वापर बंद केला. आजही त्याने मृत्यू होतात.

१६. गॅस गिझरचा आणि याचा काही संबंध आहे का?

आहे. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असला आणि हवा खेळती नसली, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. तो हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि इलेक्ट्रॉन साखळीच्या शेवटच्या संकुलावरही आघात करतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मग शुद्ध हरपते. सायनाइडही त्याच शेवटच्या संकुलाला बंद करतं. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायूही तिथेच घात करतो, म्हणून त्या गोळ्या राहत्या घरात आणूच नका. गिझर बाथरूमबाहेर बसवा आणि झरोका कधीही बंद करू नका.

१७. वनस्पतींना हरितलवक असताना मायटोकॉन्ड्रिया कशाला?

हरितलवकं साखर बनवतात, ती वापरायला मायटोकॉन्ड्रियाच लागतात. मुळांना तर प्रकाशच मिळत नाही. वनस्पती दिवसरात्र श्वसन करतात, दिवसा प्रकाशसंश्लेषणापुढे ते जाणवत नाही इतकंच.

१८. ते प्रत्यक्ष पाहता येतील का? पुण्यात या विषयात पुढे शिकायला कुठे वाव आहे?

कॉलेजच्या चांगल्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात, तेलात बुडवायचं हजारपट भिंग हवं. कांद्याच्या पापुद्र्याला जेनस ग्रीन बी हा रंग सौम्य प्रमाणात लावला की निळसर-हिरवे बारीक ठिपके दिसतात. बाकी पेशीत हा रंग फिका पडतो, मायटोकॉन्ड्रियात मात्र साखळीतलं शेवटचं संकुल त्याला रंगीत ठेवतं. पापुद्रा ताजा हवा आणि पाहणं पटकन उरकायला हवं, कारण पेशी मरायला लागली की रंग उडतो. आतल्या पटलाच्या घड्या मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत.

शिक्षणासाठी पुणे चांगलं गाव आहे. पाषाणला आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, शिवाय आघारकर संशोधन संस्था. बारावीनंतर विज्ञान शाखेत राहायचं ठरवलं असेल तर आयसरची प्रवेश परीक्षा लक्षात ठेवा. आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास शहरातल्या संशोधन संस्थांच्या घोषणांवर नजर ठेवा. काही संस्था त्या वेळी सर्वांसाठी दारं उघडतात, तेव्हा मुलांना घेऊन जा आणि तिथल्या संशोधकांना मनातले सगळे प्रश्न विचारू द्या.